रुसव्यांचा ड्रम

चिकटरावांच्या डाव्या मनगटात घड्याळाच्या जागी चिकटपट्टीचं बंडल असायचं. बांगडीसारखं घातलेलं. वेळ विचारली तर ते दारातल्या उन्हाकडे बघून अंदाजे सांगायचे, पण पट्टी मागितली की तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती दातानं तोडून तुमच्या बोटावर ठेवलेली असायची. त्यावरून कोणीतरी एकदा त्यांना चिकटराव म्हटलं आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. खरं नाव उरलं होतं ते पगाराच्या कागदावर आणि बायकोच्या रागात.

कामाला होते फोन कंपनीत. आता फोन कंपनी म्हटलं की लोकांना वाटतं, हवेतून बोलणं येतं, हवेतून जातं, तिथं कसला आलाय कचरा! त्यांनी एकदा गावाबाहेरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन बघावं. लोकांनी बदललेले राउटर तिथे यायचे, टीव्हीचे डबे यायचे, मनोऱ्यांवरच्या थकलेल्या बॅटऱ्या यायच्या, जमिनीतून उपसून काढलेल्या जुन्या तारांची भेंडोळी यायची, आणि दुकानांतल्या पेट्यांमध्ये टाकलेले जुने मोबाईल पोत्यांनी यायचे. जे जिवंत असेल त्याच्या पोटातली जुनी माहिती पुसायची, अंग पुसायचं, नव्या खोक्यात घालून दुसऱ्याच्या घरी धाडायचं. जे मेलं असेल ते उघडायचं. प्लास्टिक एकीकडे, पत्रा एकीकडे, सर्किटच्या हिरव्या पाट्या एकीकडे, तांबं आणखी एकीकडे. मग ट्रक भरून सगळं डोंगरापलीकडच्या कारखान्यात, वितळवायला.

चिकटराव मूळचे तारवाले. तरुणपणी खांबावर चढून त्यांनी तांब्याच्या तारा ओढल्या होत्या. पुढे कंपनीनं काचेच्या तारा टाकल्या, तांबं उपसलं, आणि तांब्याबरोबर चिकटरावही वरून खाली आले. शेडमध्ये पहिल्या दिवशी त्यांच्यासमोर जे भेंडोळं उलगडलं ते त्यांनी स्वतःच कधीकाळी टाकलेलं निघालं. जोडावरची गाठ त्यांची होती. ‘‘आपणच घातलं, आपणच उसवतोय,’’ असं म्हणून ते हसले होते, पण त्या दिवशी घरी जेवले नाहीत.

मग त्यांना बॅटऱ्यांचं काम मिळालं आणि त्यात ते रमले. प्रत्येक बॅटरीच्या टोकांना पट्टी लावायची, म्हणजे एकमेकींना टेकून ठिणगी पडत नाही. ही सवय इतकी अंगात मुरली की घरी टीव्हीच्या रिमोटमधले संपलेले सेलसुद्धा ते पट्टी लावून डब्यात ठेवायचे. बायको म्हणायची, ‘‘मी गेले की माझ्या तोंडालाही लावा एक.’’ त्यावर ते म्हणायचे, ‘‘तेव्हा कशाला? आत्ता उपयोग आहे.’’

या बॅटऱ्यांत काही फुगलेल्या असत. उशीसारख्या गुबगुबीत. त्यांना शेडमध्ये ‘रुसवे’ म्हणत, कारण रुसलेल्या माणसाचे गाल तसेच दिसतात. रुसवा टोचायचा नाही, दाबायचा नाही, उन्हात ठेवायचा नाही. कोरड्या वाळूनं भरलेल्या लोखंडी ड्रममध्ये थराथरानं निजवायचा. वर झाकण ठेवायचं, झाकणाभोवती लोखंडी कडी घालायची, पण कडीचा खटका मात्र दाबायचा नाही. रुसव्याच्या पोटातला वायू कधी सुटेल ते त्यालाही ठाऊक नसतं, आणि सुटला की त्याला बाहेर पडायला वाट लागते. कंपनीच्या पर्यावरण विभागाच्या मॅडमनी तसा फलकच भिंतीवर लावला होता. चिकटराव नव्या माणसाला त्यांच्या पद्धतीनं सांगायचे, ‘‘रुसलेला माणूस आणि फुगलेली बॅटरी, दोघांनाही कोंडू नये. वाट मोकळी ठेवावी. आपोआप निवतात.’’

बोलायला काय जातं हो! स्वतःवर आली तेव्हा यातलं एक अक्षर त्यांना आठवलं नाही.

झालं असं, की कारखान्यात माल नेणारा ट्रक होता त्यांच्या मेहुण्यांचा. म्हणजे धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा. चिकटरावांनीच साहेबांकडे शब्द टाकून त्यांना हे काम मिळवून दिलं होतं. मेहुणे गाडीला जिवापलीकडे जपायचे. रोज धुवायचे, पुसायचे, आरसे कागदानं चमकवायचे. आणि सैल झाकणाच्या ड्रममधून वाटेत वाळू सांडायची. गतिरोधक आला की सर्रर्र करून पत्र्यावर मूठभर. परत आल्यावर मेहुणे केरसुणी घेऊन खोपच्याखोपच्यातून वाळू काढायचे आणि कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे.

‘‘दादा, तुमच्या वाळूनं माझ्या गाडीचं नदीपात्र झालंय.’’

‘‘मग मासे धरा, मेहुणे.’’

वर्षानुवर्षं हे असंच चालायचं. पण गेल्या रविवारी धाकटीच्या घरी पाहुणे जमले असताना हीच थट्टा नको तिथे गेली. कोणीतरी चिकटरावांना विचारलं, तुम्ही नक्की काय काम करता? ते तोंड उघडणार तोच मेहुणे म्हणाले, ‘‘ते होय? जन्मभर तुटक्याफुटक्याला पट्ट्या लावत बसलेत.’’ सगळे हसले. चिकटरावही हसले असते, पण पाहुण्यांत त्यांचे व्याही होते. ते जाग्यावरून उठले आणि म्हणाले, ‘‘त्याच पट्टीनं तुमची चूल पेटते, विसरू नका.’’

झालं. हसू जागच्या जागी विरलं. धाकटी हातात भांडं घेऊन दारातच उभी राहिली. मेहुण्यांनी त्याच दिवशी चिकटरावांचा नंबर फोनमध्ये बंद करून टाकला, आणि चिकटरावांनी ‘मला काय गरज पडलीय’ म्हणून दुसऱ्या कोणाच्या फोनवरून लावूनही पाहिला नाही. दोघंही पन्नाशी ओलांडलेले. काय म्हणावं!

त्यानंतरची पहिली खेप आज होती. मेहुण्यांनी ट्रक शेडला लावला, खाली उतरले आणि चिकटरावांपासून हातभर अंतरावर उभे राहून हमालाला म्हणाले, ‘‘त्यांना सांग, आज एक कण जरी सांडला तरी सगळा माल परत आणून टाकीन.’’

चिकटरावही हमालालाच म्हणाले, ‘‘त्यांना विचार, गाडी आहे की देवघर?’’

‘‘त्यांना सांग, ज्याची गाडी त्याला कळतं. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला काय कळणार!’’

हमाल बिचारा इकडून तिकडे मान फिरवत होता. त्याला बोलायची गरजच नव्हती. चिकटरावांचं डोकं असं सणकलं की कानशिलं तापली. दारात रुसव्यांचे दोन ड्रम तयार होते. त्यांनी दोन्हींच्या कडीचे खटके तळहातानं खाडखाड दाबले. ‘‘घ्या! वाळूच काय, आता वारासुद्धा गळणार नाही.’’

मेहुण्यांनी तिकडे बघितलंही नाही. गाडी प्लास्टिकच्या गठ्ठ्यांनी जवळपास भरली होती, एकच ड्रम मावला. दुसरा पुढच्या खेपेला म्हणून दारातच राहिला. ट्रक गेला. चिकटराव कितीतरी वेळ मजेत होते. शीळ वाजवत होते. जिरवली, असं वाटत होतं त्यांना. मनात म्हणत होते, संध्याकाळी कारखान्यातली माणसं ड्रम उतरवतील तेव्हा खटक्याचं काय ते बघतील.

ऊन चढलं. दारातल्या ड्रमवरची सावली कधी सरकली ते कोणाच्या लक्षात आलं नाही. जेवणाची सुट्टी संपून चिकटराव हात पुसत येत होते आणि तेव्हा त्यांना तो आवाज आला. टण्ण. पातेल्यावर चमचा आपटावा तसा. त्यांनी वळून पाहिलं. ड्रमचं झाकण मधोमध वर आलं होतं. सपाट झाकण, आणि आता त्याला चांगली टेकडी आली होती. बघता बघता पुन्हा टण्ण झालं.

‘‘बाहेर व्हा! सगळे बाहेर व्हा!’’ चिकटरावांना स्वतःचाच आवाज ओळखू येईना. माणसं पळाली. मॅडम कार्यालयातून धावत आल्या. चिकटरावांनी तारा ओढायचा लांब आकडा घेतला, गठ्ठ्यांच्या आड उभे राहिले, आणि दुरून कडीच्या खटक्यात आकडा अडकवून हिसका दिला. एकदा निसटला. दुसऱ्यांदा निसटला. तिसऱ्या वेळी खटका सुटला आणि झाकण वर उडून छपराच्या पत्र्याला जे आपटलं, त्या दणक्यानं आवारातली सगळी पाखरं उठली. मागोमाग वाळूचा फवारा आणि पांढरा, नाकाला झोंबणारा धूर. दोघांतिघांनी तोंडाला फडकी बांधून वरून वाळूची पोती ओतली. धूर हळूहळू दबला.

मॅडम खोकत म्हणाल्या, ‘‘झाकण लागलं कसं होतं? आणि दुसरा ड्रम कुठंय?’’

चिकटराव पत्र्याला पडलेल्या खळग्याकडे बघत होते. माणसाचं डोकं मावेल एवढा खळगा. ‘‘दुसरा गाडीत गेलाय,’’ ते म्हणाले. ‘‘माझ्या बहिणीच्या नवऱ्याबरोबर.’’

मॅडमनी लगेच गाडीची किल्ली काढली आणि म्हणाल्या, ‘‘बसा.’’

वाटेत त्यांनी पहिलं काम केलं ते कारखान्याच्या फाटकावर फोन लावायचं. ट्रक अजून पोचला नव्हता. आला तर आत घेऊ नका, उघड्यावर थांबवा, माणसं लांब ठेवा, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. ‘‘डोंगरातला बोगदा त्यांनी ओलांडला असेल का?’’

‘‘नाही. ते सावकाश चालवतात. गाडीला जपतात.’’ चिकटरावांच्या डोळ्यांसमोर तो बोगदा आला. बोगद्यात ड्रम फुटला तर धूर कुठे जाणार? मागे प्लास्टिकचे गठ्ठे, पुढे माणूस. आणि त्याच्या मागेपुढे आणखी कितीतरी गाड्या. त्यांनी मेहुण्यांना फोन लावला. ‘आपण लावलेला नंबर सध्या...’ ती गोड बाई बोलायला लागली. त्यांच्याच कंपनीची बाई. अख्ख्या जगाला एकमेकांशी जोडून देणारी कंपनी, आणि तिच्याच माणसाला घरच्या माणसाशी दोन शब्द बोलता येईनात.

मॅडमच्या फोनवरून लावला. घंटा गेली, गेली, थांबली.

‘‘चालवताना ते उचलत नाहीत,’’ चिकटराव म्हणाले. ‘‘फोन पुढच्या खणात टाकतात. बायकोचाही उचलत नाहीत.’’

‘‘तरी बायकोला सांगा. ती लावत राहील. एखाद्या वेळी थांबले तर बघतील.’’

त्यांनी धाकटीचा नंबर लावला. तिनं पहिल्या घंटेला उचलला. ‘‘बोल दादा! रविवारपासून वाट बघतेय, कोण आधी फोन करतोय.’’

‘‘जेवलीस का?’’

‘‘दुपार टळली की रे. दादा, तुझा आवाज असा का येतोय?’’

चिकटरावांनी डोळे मिटले आणि सांगून टाकलं. खटका मी दाबला, तेही सांगितलं. मॅडमनी ऐकलं. पुढच्या वळणावर त्यांनी गाडी जरा जोरातच वळवली. पलीकडून धाकटी म्हणाली, ‘‘दादा, तुमच्या दोघांच्या रुसव्यात माझं कपाळ फोडू नका रे.’’ आणि फोन ठेवला.

लहानपणी या धाकटीला पाठुंगळीला घेऊन त्यांनी शाळेत पोचवलं होतं. तिच्यासाठी नवरा बघायला चपला झिजवल्या होत्या. ‘माणूस जरा तोंडाळ आहे, पण लाखात एक आहे,’ हे तिला त्यांनीच सांगितलं होतं. ते खरंही निघालं होतं. चिकटरावांची बायको दवाखान्यात होती तेव्हा रोज डबा कोण आणून देत होतं? आणि डब्याबरोबर ‘दादा, तुमच्यापेक्षा बरा स्वयंपाक मी करतो’ हा टोमणाही. सगळं आठवत होतं आता. सकाळी कुठं गेलं होतं कोण जाणे.

डोंगर जवळ आला, रस्ता चढाला लागला आणि पुढे गाड्यांची रांग दिसली. रांगेच्या टोकाला, बोगद्याच्या अलीकडे, काळा धूर आकाशात चढत होता.

चिकटराव गाडी थांबायच्या आत दार उघडून पळाले. त्या वयात, त्या चढावर. चप्पल एक कुठं गेली कळलं नाही. ओळीतल्या गाड्यांमधून लोक डोकी बाहेर काढून बघत होते. ‘‘काय पेटलंय? ट्रक आहे का? ट्रक आहे का हो?’’ ते विचारत होते आणि उत्तराला थांबत नव्हते. तोंडानं एकच चाललं होतं, नको, नको, नको.

रांगेच्या टोकाला रस्त्याचं काम चाललं होतं. डांबराचं पिंप चुलाण्यावर ठेवून माणसं डांबर उकळत होती. धूर त्याचा होता. तिथला एक मजूर त्यांच्या तोंडाकडे बघून घाबरला आणि त्यानं पाण्याची बाटली पुढे केली. चिकटराव गुडघ्यांवर हात ठेवून नुसते धापा टाकत राहिले. हुंदका की खोकला, ते त्यांनाच कळेना. मॅडमनी मागून येऊन त्यांच्या दंडाला धरलं. आणि मग त्याच म्हणाल्या, ‘‘ते बघा.’’

रस्त्याच्या पलीकडे पंक्चरच्या दुकानासमोर ट्रक उभा होता. मागचं फळकूट उघडं. ट्रकपासून चांगलं लांब, उघड्या माळावर, रुसव्यांचा ड्रम. झाकण नव्हतं. आजूबाजूला वाळूच वाळू, आणि तोंडातून धुराची एक बारीक रेघ निघत होती. दुकानदार आणि त्याचा भाऊ त्यात पाट्यांनी माती टाकत होते. एका दगडावर मेहुणे बसले होते. उजवा हात छातीशी धरलेला, भोवती गाडी पुसायचं फडकं, आणि चेहरा पिठासारखा पांढरा.

चिकटराव समोर जाऊन उभे राहिले.

‘‘आलात?’’ मेहुणे म्हणाले. आता मध्ये हमाल नव्हता, म्हणून सरळच बोलले. ‘‘एक चप्पल कुठाय?’’

‘‘मेहुणे, मी...’’

‘‘थांबा, मला सांगू द्या. गावाबाहेर पहिला गतिरोधक आला. गाडी उडाली, वाळूचा आवाज नाही. दुसरा आला, तरी नाही. मी म्हटलं, वा! दादांनी ऐकलं एकदाचं. खरं सांगतो, बरं वाटलं मला. गाणं म्हणत होतो. मग चढ लागला, खड्डे लागले, तरी मागे सगळं गप्प. तेव्हा मनात आलं, अरे, या माणसानं जन्मात कधी माझं ऐकलंय? आणि आजच का ऐकलं?’’ ते हसायला गेले आणि हात हलल्यामुळे कळवळले. ‘‘तुम्ही माझं ऐकलंत, हेच खटकलं, दादा. म्हणून बोगद्याआधी थांबलो. मागे जाऊन बघतो तर झाकण वर आलेलं. या भल्या माणसांनी फळी लावून उतरवायला मदत केली, त्यांना मी लांब पिटाळलं, आणि टायरच्या पहारीनं खटका उडवला. कडी हातावर बसली. दोन बोटं गेली वाटतं.’’

मॅडम पुढे आल्या. त्यांनी हात पाहिला. बोटं सुजून वाकडी झाली होती, तुटून पडलेली नव्हती. ‘‘हाडं मोडलीयत. दवाखान्यात न्यायला हवं, पण आधी बोटं बांधायला काहीतरी पाहिजे, हलता कामा नयेत.’’ मग चिकटरावांकडे वळून त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘जे झालं ते मला वर कळवावं लागेल. उद्यापासून तुम्ही ड्रमला हात लावायचा नाही.’’

‘‘नाही लावणार,’’ चिकटराव म्हणाले. लावू द्या म्हणायची हिंमत त्यांच्यात नव्हती आणि इच्छाही नव्हती.

तेवढ्यात मेहुण्यांचा फोन वाजला. ट्रकच्या खणातून काढून दुकानदारानं आणून दिला. मेहुण्यांनी तो डाव्या हातात घेतला आणि एकदम नेहमीच्या सुरात म्हणाले, ‘‘अगं, काही नाही, टायर पंक्चर झालंय. दादा? दादा इथे कशाला येतील?’’ पलीकडून धाकटी इतक्या मोठ्यानं रडायला लागली, की फोन कानाशी न धरता सगळ्यांनाच ऐकू आलं. मेहुण्यांनी चिकटरावांकडे पाहिलं. ‘‘तिला सांगितलंत?’’

चिकटरावांनी मान हलवली.

‘‘सगळं?’’

‘‘सगळं.’’

‘‘काय माणूस आहात हो! मी इथं तुमच्यासाठी खोटं बोलतोय.’’

चिकटराव खाली बसले. मनगटातलं बंडल काढलं. रस्त्याच्या कडेची एक सरळ काडी उचलून पुसली, ती दोन मोडक्या बोटांशेजारी ठेवली, आणि दातानं पट्टी तोडून गुंडाळायला लागले. पहिला वेढा घेतला तसे मेहुणे डोळे मिटून ‘आई गं’ म्हणाले.

‘‘दादा,’’ ते म्हणाले, ‘‘जरा सैल ठेवा.’’

चिकटराव तिथेच, रस्त्याच्या कडेला, मॅडमच्या आणि पंक्चरवाल्याच्या देखत, लहान मुलासारखे रडायला लागले. रडत रडतच त्यांनी पट्टी उलगडली आणि नव्यानं, सैल हातानं लावायला घेतली.